समर्पणाची फ्रेम

५ ऑगस्ट २००४, गुरुवार

नवी डायरी. कंपनीने जानेवारीत दिलेली, सात महिने प्लॅस्टिकमध्येच होती. ही कोणी वाचायची नाही. बायकोने, नंदानेही नाही.

ठरलं. ८ सप्टेंबरला, पवित्र मरियेच्या जन्मदिनी, मी स्वतःला मरियेच्या हाती समर्पित करणार. फादर जोकिम यांनी चर्चमध्ये दहा-बारा जणांचा गट केला आहे. त्याआधी तेहतीस दिवसांची तयारी. रोज पुस्तिकेतलं एक वाचन, थोड्या प्रार्थना, एक जपमाळ. शेवटच्या आठवड्यात फादरांपुढे पापनिवेदन. मग ८ तारखेच्या मिस्सामध्ये, म्हणजे चर्चच्या सामुदायिक उपासनेत, समर्पणाचा मजकूर आपल्या हाताने लिहिलेल्या कागदावरून मोठ्याने वाचायचा आणि तिथेच सही करायची.

दादांनी हे १९५४ साली केलं होतं. आमचे वडील, कोंडीराम मास्तर. नगर जिल्ह्यात मिशनच्या शाळेत शिकवायचे. त्यांचा कागद हॉलच्या भिंतीवर फ्रेममध्ये आहे. दादांना जाऊन ऑक्टोबरात वर्ष होईल. त्याच्या आत शेजारी माझा कागद लागला पाहिजे.

ऑफिसात प्लॅन तयार केला. तेहतीस आडव्या पट्ट्या, तीन रंग. एका रहस्याला, म्हणजे दहा नमो मारियांना, दहा मिनिटं धरली. माळेत पाच रहस्यं, म्हणजे पन्नास मिनिटं. नंदा म्हणाली, इतका वेळ लागत नाही. पण एस्टिमेट कधीही सैल ठेवावं. आमचा टीम लीडर अवधूत मागून बघत होता. कुठला क्लायंट, त्याने विचारलं. खासगी आहे म्हटलं. डेडलाइन हलणारी दिसत नाही, एवढं बोलून गेला.

गजर पाचचा लावला आहे.


६ ऑगस्ट, शुक्रवार. दिवस १

उठलो सहा चाळीसला. घड्याळाची बॅटरी उतरली असावी. (तपासली. उतरलेली नाही.)

तयारी दादांच्या खोलीत बसून करायची असं प्लॅनमध्ये आहे. त्यांचं अल्तार, प्रार्थनेची छोटी वेदी, तिथे आहे, खिळ्याला त्यांची माळ आहे. पण मॉनिटरचं खोकं, इस्त्रीचे कपडे, जुना पंखा, सगळं आम्ही तिथेच टाकलंय. आवरल्याशिवाय बसता येणार नाही. तोपर्यंत हॉल.

पहिले बारा दिवस जगाच्या मोहातून मोकळं व्हायचं. एक पान वाचलं. पुस्तिकेत छपाईच्या चार चुका सापडल्या. लाल पेनाने दुरुस्त केल्या, फादरांना उपयोग होईल. त्यात माळ राहिली.

संध्याकाळी साडेसातला न्यू जर्सीचा कॉल. त्यांची सकाळ नेमकी आपल्या माळेच्या वेळेला उजाडते, याला मी काय करणार. उद्या दोन माळा.


७ ऑगस्ट, शनिवार. दिवस २

दोन माळा होणारच होत्या. फ्रेमचं काम निघालं.

आमच्या कसबा पेठेतच दत्तोबाचं फ्रेमचं दुकान आहे. दादांच्या फ्रेमच्या मापाची फ्रेम मागितली. आत काय लावायचंय, त्याने विचारलं. म्हटलं, ते अजून लिहायचं आहे. तो म्हणाला, साहेब, लोक आधी कागद आणतात. मी त्याला उद्दिष्ट रोज डोळ्यांसमोर असण्याचं महत्त्व सांगितलं. तो हो हो म्हणाला. नुसती काच वाईट दिसते म्हणून त्याने पडून असलेलं स्वित्झर्लंडचं एक चित्र आत घालून दिलं. बर्फाचा डोंगर, खाली दोन गाई.

दादांच्या कागदाशेजारी टांगली. छान दिसते. नंदा सदाशिव पेठेत एका डॉक्टरांकडे नर्स आहे, ती दुपारी घरी आली. पर्स खांद्यावर तशीच ठेवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, दादा कधी गेले होते तिकडे?


१० ऑगस्ट, मंगळवार. दिवस ५

एकूण स्थिती समाधानकारक. वाचनं दोन झाली, माळ एक (तीन रहस्यं).

खालच्या मजल्यावरचे दीनानाथकाका सकाळी सहाला टीव्हीवर बातम्या लावतात. रिटायर्ड हेडमास्तर, कान जरा कमी. चित्त लागत नाही. खाली जाऊन नम्रपणे सांगितलं की सहाला माझी प्रार्थना चालू असते, आवाज थोडा कमी केलात तर बरं. ते म्हणाले, सहाला आम्हाला वरून आपलं घोरणं ऐकू येतं, ती प्रार्थना असल्याची कल्पना नव्हती.

मोहातून मोकळं होताना असे अपमान सहन करावेच लागतात. हा दिवस पूर्ण झाला असं धरायला हरकत नाही. हिरवी खूण केली.


१२ ऑगस्ट, गुरुवार. दिवस ७

मार्ग सापडला! हडपसरच्या सिग्नलला उभा असताना सुचला.

न्यू जर्सीच्या कंपनीचं काम न्यू जर्सीत होतं का? नाही. ते आम्ही पुण्यात करतो आणि ते लोक तिकडे शांत झोपतात. तरी काम त्यांचंच, नाव त्यांचंच. मग तयारी माझी आणि रोजचं वाचन नंदाचं, यात गैर काय? ती तशीही साडेपाचला उठते. तिने वाचायचं, माळ म्हणायची आणि वहीत दोन ओळींचा रिपोर्ट लिहायचा. मी रिव्ह्यू करणार. जबाबदारी पूर्णपणे माझीच.

नंदाला नीट समजावून सांगितलं. ती कणीक मळत होती. समर्पणही मीच करू का, म्हणाली. म्हटलं नाही, फायनल डिलिव्हरी मी करणार.

तिने नाही म्हटलं नाही. तिलाही पटलेलं आहे.


१५ ऑगस्ट, रविवार. दिवस १०

सोसायटीचं झेंडावंदन, मग मरियेच्या स्वर्गउन्नयनाच्या सणाची मिस्सा. दुपारी जेवणानंतर रिव्ह्यू घेतला.

नंदाचे रिपोर्ट असे. दिवस सात, झालं. दिवस आठ, झालं. दिवस नऊ, खोलीत बसले, डोळ्यांत पाणी आलं.

मी समासात शेरा मारला, कारण नमूद करावे. तिला म्हटलं, असं मोघम चालणार नाही, वाचनात काय होतं त्याचा सारांश दे, म्हणजे माझ्यापर्यंत पोचेल. ती म्हणाली, ते सांगता येत नाही हो. बसावं लागतं.

डॉक्युमेंटेशनची सवय नाही तिला. शिकेल.

आणि खोलीत बसली म्हणजे कुठे बसली? तिथे तर खोकं आहे.


१८ ऑगस्ट, बुधवार. दिवस १३

आजपासून दुसरा टप्पा. सात दिवस स्वतःची ओळख. आपले दोष आपण शोधायचे.

इथे पुस्तिका चुकते. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याने तो तपासायचा नसतो, हे आमच्याकडे पहिल्या वर्षीच्या पोरांनाही ठाऊक असतं. त्याला त्याच्या चुका दिसतच नाहीत. टेस्टर वेगळा लागतो. म्हणून माझे दोष नंदाने शोधायचे. तिला फॉर्म प्रिंट करून दिला. तीन रकाने: दोष, तीव्रता, उपाय. खाली इतर शेरा. मोकळेपणाने लिही म्हटलं, मी वाईट वाटून घेणार नाही.

माझा अंदाज, दोन-तीन किरकोळ निघतील. टॉवेल वगैरे.


२० ऑगस्ट, शुक्रवार. दिवस १५

फॉर्म आला. तिन्ही रकाने कोरे. इतर शेऱ्यात एकच ओळ:

दादा गेल्यापासून हे दादांच्या खोलीत एकदाही बसलेले नाहीत.


२१ ऑगस्ट, शनिवार. दिवस १६

हा दोष नाही. ही जागेची अडचण आहे. फॉर्म विषयाला सोडून भरलेला आहे. नंदाला तसं सांगितलं. ती बरं म्हणाली आणि क्लिनिकला गेली.

दिवसभर काही सुचलं नाही. मोटारसायकल धुतली. दोनदा.


२२ ऑगस्ट, रविवार. दिवस १७

लिहून टाकतो, म्हणजे विषय संपेल.

गेल्या ऑक्टोबरातली संध्याकाळ. दादा पंधरा दिवस पडून होते, पण डॉक्टरांनी काही तातडीचं सांगितलं नव्हतं. साडेसातचा कॉल सुरू होत होता. त्यांनी खोलीतून हाक मारली. पास्कल, एक रहस्य म्हणू या. मी दारातूनच म्हटलं, दादा, दहा मिनिटांत येतो. क्लायंटकडे सिस्टिम बंद पडली होती. माझ्या जागी कोणीही तेच केलं असतं. कॉल पन्नास मिनिटं चालला.

नंदा होती त्यांच्याजवळ. तिने त्यांच्याबरोबर माळ धरली. सहाव्या नमो मारियेला त्यांचा आवाज थांबला, असं ती सांगते. तिने मला हाक मारली होती म्हणे. मी हेडफोन घातले होते.

संपला विषय.

खोलीत खोकं आहे म्हणून बसत नाही, बाकी काही नाही. आता खोकंच उचलतो.

ता. क. खोकं उचललं. पण आता शिलाई मशीन मध्ये येतंय.


२५ ऑगस्ट, बुधवार. दिवस २०

आजपासून मरियेची ओळख. नंदाचं वाचन चालू आहे. रिव्ह्यू मागे पडलेत, एकदम घेईन.

सकाळी मोजे शोधत असताना नंदा काहीतरी सांगत होती. फादरांना ती भेटली होती, फादर म्हणाले की मग तुमचंही नाव, असं काहीसं. तेवढ्यात अवधूतचा फोन. ८ सप्टेंबरला नवी सिस्टिम लाइव्ह जाणार, तयार राहा म्हणाला. म्हटलं, आठला माझं संध्याकाळी समर्पण आहे. तो म्हणाला, कोणापुढे? म्हटलं, मरियेपुढे. तो म्हणाला, मोबाइल चालू ठेव.

मोजे सापडले. नंदा गेली होती.


२९ ऑगस्ट, रविवार. दिवस २४

गणपती जवळ आले. नदीच्या पुलाखाली ढोलपथकाची प्रॅक्टिस रोज संध्याकाळी. माळ म्हणणं केवळ अशक्य. आज मन घट्ट करून हॉलमध्ये बसलो होतो. तिसऱ्या नमो मारियेला ढोल सुरू झाले आणि माझी बोटं माळेवर त्यांच्या ठेक्यात चालायला लागली. हा अनादर होईल म्हणून थांबलो.

नंदा आतल्या खोलीत बसलेली होती. तिला कसं जमतं, विचारलं. ती म्हणाली, कुठले ढोल?

दीनानाथकाका जिन्यात भेटले. तुमच्या घरून हल्ली सकाळी फार सुरेल आवाज येतो, म्हणाले. मी आभार मानले. तुमचे नव्हे, वहिनींचे म्हणतोय, असं त्यांनी स्पष्ट केलं.


१ सप्टेंबर, बुधवार. दिवस २७

शेवटचा आठवडा. फादर म्हणतात, काहीतरी सोडा, अंगाला लागेल असं. चहा सोडला. (ऑफिसच्या मशीनचा. घरचा चालू. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यचाही, कारण तिथे लोकसंपर्क असतो.)

मन लागत नाही. खुर्चीत बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की कुठे जायचं ते कळत नाही. कामाचा ताण. आठ तारीख एकदा होऊन जाऊ दे.


४ सप्टेंबर, शनिवार. दिवस ३०

पापनिवेदन झालं. माझ्यापुढे नंदा होती. ती आत बराच वेळ होती, मागे ताटकळलेल्या एका बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. तिची एवढी पापं कुठली ते कळेना.

माझं तीन मिनिटांत. रागावतो, कंटाळा करतो, प्रार्थना चुकतात, नेहमीचंच म्हटलं. फादरांनी विचारलं, आणखी काही? बाहेर रिक्षा रिव्हर्स घेत होती, तिचा आवाज येत होता. नाही फादर, एवढंच, म्हटलं.

तीन मिनिटं ही चांगली वेळ आहे.


५ सप्टेंबर, रविवार. दिवस ३१

मिस्सानंतर गटाची बैठक. फादरांनी आठ तारखेची यादी वाचली. बारा नावं. अकरावं नंदा त्रिभुवन, बारावं पास्कल त्रिभुवन. टायपिंगची चूक वाटून मी हात वर केला. नंदा म्हणाली, पंचवीस तारखेला सांगितलं होतं तुम्हाला, मोजे शोधत होतात. सुरुवातीच्या दिवसांची वाचनं तिने नंतर एकेक करून भरून काढली आहेत म्हणे. फादरांनी तपासून बघितलंय.

म्हणजे मी तिला काम दिलं आणि ती क्लायंटलाच थेट जाऊन भेटली. असो. माझी हरकत नाही. शेवटचं नाव माझं आहे, समारोप माझ्या वाचनाने होईल.

फादरांनी प्रत्येकाला विचारलं, कुठला दिवस जड गेला. नंदा म्हणाली, पंधरावा. मी म्हटलं, ओव्हरऑल स्मूथ गेलं. सगळे माझ्याकडे बघून हसले. कौतुकाने असावं.

घरी येऊन कॅलेंडर पाहिलं. पंधरावा दिवस म्हणजे तिने तो फॉर्म भरला तो.


७ सप्टेंबर, मंगळवार. दिवस ३३

कागद लिहायचा राहिला होता. नंदाला म्हटलं, तू तुझा लिहिला आहेसच, अक्षर चांगलं आहे, माझाही उतरवून ठेव. ती म्हणाली, आपल्या हाताने लिहायचा असतो. फूलस्केप आणि पेन समोर ठेवून झोपायला गेली.

माझं अक्षर कीबोर्डमुळे गेलंय. म्हणून हस्ताक्षरासारखा दिसणारा मराठी फॉन्ट इंटरनेटवरून उतरवला. प्रिंट काढली तर पानभर चौकोन. बारीक, रिकामे, ओळीत उभे. फक्त सहीच्या जागी टिंबं नीट आली.

मग हाताने बसलो. मी पास्कल कोंडीराम त्रिभुवन, इथवर बरं आलं. शरीर आणि आत्मा, घरदार, कामधंदा, जे काही माझं म्हणून आहे ते सगळं मरियेच्या हाती देतो. लिहिलं. पुढे पुस्तिकेत आहे, मी आजवर जे केलं तेही, आणि जे करायचं राहिलं तेही.

जे करायचं राहिलं इथे पेन थांबलं. शाई संपलेली नव्हती. मान वर केली तर समोर दादांचा कागद. त्यांनी ही ओळ लिहिली आहे, कुठे खाडाखोड नाही. शेजारी दोन गाई.

उरलेलं उद्या चर्चमध्ये बाकावर बसून पूर्ण करीन. दोनच ओळी आहेत.


८ सप्टेंबर, बुधवार

साडेसहाची मिस्सा. पांढरा शर्ट. नंदाने दादांनी दिलेली निळी साडी नेसली. मोबाइल व्हायब्रेटवर, खिशात. दुसऱ्या खिशात कागद.

प्रवचन लांबलं. समर्पणाला सुरुवात झाली तेव्हा साडेसात होत आले होते. एकेक जण वेदीपाशी जाऊन वाचत होता, सही करून परत येत होता. आठवे झाले, नववे झाले. माझ्या दोन ओळी अजून कोऱ्या होत्या. मांडीवर कागद घेतला आणि खिसा थरथरला. अवधूत.

कापला. पुन्हा थरथरला. दहावे गृहस्थ वाचत होते, वयस्कर, सावकाश. सिस्टिम लाइव्ह होत होती. मी हिशेब केला, बाहेर जाऊन दोन शब्द बोलून नंदाच्या आधी परत. तिच्या हातावर हात ठेवला आणि निघालो. तिने वर पाहिलं.

अंगणात, मरियेच्या पुतळ्याच्या गुहेजवळ उभं राहून फोन घेतला. अवधूत म्हणाला, अरे, तिकडे त्यांनी लाइव्ह पुढच्या आठवड्यावर ढकललंय. आज कॉल नाही. तुझा कार्यक्रम आहे म्हणून मुद्दाम कळवलं, निवांत राहा. मग मागच्या रिलीजचं एक राहिलंय म्हणून तो बोलत राहिला. मी हो, हो म्हणत राहिलो. फोन ठेव असं म्हणता आलं असतं.

आत गेलो तेव्हा सगळे उभे राहून गीत म्हणत होते. नंदा जागेवर परत आलेली होती. तिच्या कागदावरची सही अजून ओली होती. फादरांनी बहुधा माझं नाव दोनदा पुकारलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिशाकडे हात नेला आणि तसाच ठेवला. ते पुढच्या प्रार्थनेकडे वळले.

मोटारसायकलवर मागून नंदाने विचारलं, कुठे होता हो? मी म्हटलं, दहा मिनिटं बाहेर गेलो होतो.

म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं. तिलाही आलं असणार.


९ सप्टेंबर, गुरुवार

ऑफिसला गेलो नाही. अवधूतला बरं नाही म्हणून कळवलं. ते खोटं नाही.

नंदा क्लिनिकला जाताना तिचा कागद मागून घेतला. कशाला, म्हणाली. म्हटलं, फ्रेम आहे घरात. ती म्हणाली, ती तुमची आहे. म्हटलं, फ्रेम कागदाची असते.

खिळे काढले, काच पुसली, तिचा कागद बसवला. माप बरोबर आलं. स्वित्झर्लंड मागेच राहू दिला, पुठ्ठ्याला आधार होतो. कागद दादांच्या शेजारी लावून वाचत उभा राहिलो. जे करायचं राहिलं तेही, ही ओळ तिने इतर ओळींसारखीच लिहिली आहे. तिथे पेन अडलेलं दिसत नाही.

शिलाई मशीन बाहेर काढलं. फार जड नव्हतं. पंखा, कपडे, सगळं बाहेर आणायला पाव तास लागला. मशीनच्या मागे चटई अंथरलेली होती, एका माणसाला बसता येईल एवढी. दादांच्या माळेवर धूळ नव्हती.

बसलो. दादा, आलो, एवढं म्हणून झालं आणि रडू आलं. बराच वेळ आलं. मग सवयीने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि एक रहस्य म्हटलं. सगळं, मध्ये न उठता.

चार मिनिटं वीस सेकंद.

चुकलं असेल म्हणून पुन्हा म्हटलं, सावकाश. चार मिनिटं पस्तीस.